रव्याच्या कणाएवढी गांधीलमाशी

सुहासिनी गद्रे विद्यापीठात पहिल्यांदा गेली ती जॅमची रिकामी बाटली हातात घेऊन. बाटलीत टोमॅटोच्या झाडावरची बोटाएवढी जाड हिरवी अळी होती आणि अळीच्या पाठीवर भाताची शितं चिकटवावीत तसे पांढरे कोष. शेजारणीने ते झाड उपटून टाकायला काढलं होतं. तिची सहा वर्षांची मुलगी वीणा "Aai, it's got rice on it!" म्हणून ओरडत घरात आली, तेव्हा सुहासिनीने बाहेर जाऊन बघितलं आणि शेजारणीकडून अळी मागून घेतली. आठवड्याभरात कोष फुटले आणि बाटलीत चिलटांसारख्या काळ्या माश्या भिरभिरू लागल्या.

१९८२ चा ऑगस्ट होता. सुहासिनीला अमेरिकेत, पिस्कॅटवेला येऊन अकरा महिने झाले होते. नवरा श्रीरंग टेलिफोनच्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या व्हिसावर ती आलेली, त्यामुळे तिला नोकरीची परवानगी नव्हती. कोल्हापूरला एम.एस्सी. झूलॉजी पहिल्या वर्गात करून ती आता दिवसभर अपार्टमेंटमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होती. तक्रार करायची तिला सवय नव्हती. पण त्या बाटलीपाशी ती दिवसातून दहा वेळा जाऊन उभी राहत होती, इतकं खरं.

"जा की घेऊन," श्रीरंग म्हणाला. "एवढी मोठी युनिव्हर्सिटी दहा मिनिटांवर आहे. हाकलून तर देणार नाहीत ना!"

कीटकशास्त्र विभागात तिला तळमजल्यावरच्या एका खोलीकडे पाठवलं. तिथे प्रोफेसर ॲल्बर्ट हॅस्कल बसायचे. वय बासष्टच्या आसपास, उंच, जरा वाकलेले, उन्हाळ्यातही अंगात कोट आणि उजवा हात कोटाच्या खिशात. त्यांनी डाव्या हाताने बाटली उजेडाला धरली.

"अळीच्या आत अंडी घालणारी गांधीलमाशी," ते म्हणाले. "ही ओळखायला सोपी. तुम्ही बाटलीच्या झाकणाला भोकं न पाडता कापड का बांधलंत?"

"भोकातून त्या निसटल्या असत्या. फार बारीक आहेत."

हॅस्कल हसले. "या बारीक? या, तुम्हाला बारीक दाखवतो."

त्यांनी तिला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. काचेवर आधी तिला धुळीच्या ठिपक्यापलीकडे काहीच दिसलं नव्हतं. भिंगाखाली त्या ठिपक्याला पाय फुटले, झालर लावलेले पंख फुटले, गाठी-गाठींच्या मिशा फुटल्या. पुरी वाढलेली गांधीलमाशी, आणि आकार रव्याच्या कणापेक्षाही लहान. संत्र्या-लिंबांवर जी खवले कीड पडते तिच्या पोटात ही अंडी घालते आणि कीड आतून संपते. म्हणून शेतकऱ्याला तिचा फार उपयोग. पण उपयोग करायचा तर कुठली माशी कुठली कीड मारते ते कळायला हवं, आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं. या गटातल्या जाती कुणालाच धड वेगळ्या करता येत नव्हत्या.

"रंगावरून करावं," हॅस्कल म्हणाले, "तर एकाच आईची पिल्लं थंडीत वाढवली की काळी होतात आणि उन्हाळ्यात पिवळी. मिशांवरून करावं तर मिशा फसवतात. माझ्याकडे चौदाशे स्लाइड आहेत. निम्म्यांवरचं नाव बरोबर असेल. कुठल्या निम्म्या, ते विचारू नका."

सुहासिनी मायक्रोस्कोपवरून उठलीच नाही. अखेर तिला शेजारणीकडे ठेवलेली वीणा आठवली आणि ती धडपडत निघाली. दाराशी ती म्हणाली, "मला नोकरी करता येत नाही. पण मी नुसती आले तर चालेल का? चित्रं काढेन, बाटल्या धुवेन, काहीही करेन."

"सोमवारी नऊला," हॅस्कल म्हणाले. "बाटल्या धुवायला इथे यंत्र आहे. चित्रं काढा."

आणि ती चित्रं काढू लागली. मायक्रोस्कोपला एक छोटा आरसा जोडलेला असायचा. त्यातून माशी आणि समोरचा कागद एकाच वेळी दिसायचा, आणि दिसेल तशी पेन्सिल फिरवायची. हॅस्कल यांची सूचना एकच होती: "जे आहे असं पुस्तकात लिहिलंय ते काढू नकोस. जे दिसतंय ते काढ. कळलं नाही तरी काढ." पहिल्या महिन्यात त्यांचं 'तुम्ही'चं अंतर गळून पडलं होतं. सुहासिनी हे नाव काही त्यांना पेललं नाही. ते तिला 'सुहा' म्हणत.

दोन-तीन महिन्यांनी त्यांनी तिला जुन्या स्लाइड नव्याने बांधायला, म्हणजे माशी जुन्या डिंकातून सोडवून नव्या काचेखाली बसवायला शिकवलं. शिकवताना ते स्वतः हात लावत नसत, शेजारी बसून बोलत. सुहासिनीला ते आधी अमेरिकन पद्धतीचं वाटलं. एकदा मात्र कॉफी ओतताना त्यांचा उजवा हात खिशाबाहेर आला आणि कप बशीवर खडखडून कॉफी टेबलावर सांडली. हॅस्कल यांनी हात खिशात घातला. सुहासिनीने फडक्याने टेबल पुसलं आणि विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून नाजूक स्लाइड ती न सांगताच स्वतःकडे ओढून घेऊ लागली.

तिचे हात मुळातच चांगले होते. तिचे वडील राजाराम मिरजेला घड्याळं दुरुस्त करायचे. शाळा सुटली की ती दुकानात जाऊन बसे, आणि बाराव्या वर्षी तिला बायकी मनगटी घड्याळातलं केसासारखं स्प्रिंग चिमट्याने उचलून जागेवर बसवता येत होतं. वडील सांगत, श्वास रोखू नकोस, रोखलास की हात थरथरतो. सावकाश सोडत राहा आणि सोडता सोडता काम कर. एवढं भांडवल घेऊन ती त्या खोलीत बसली होती. वर्षभरात तिने तीनशेच्या वर स्लाइड नव्या बांधल्या.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९८३ च्या जुलैत, तिने आजवरची चित्रं ओळीने जमिनीवर मांडली. मिशा, पंख, पाय यांकडे बघून बघून तिचे डोळे शिणले होते. त्या दिवशी ती उगाच छातीच्या आत बघत राहिली. पारदर्शक माशीच्या छातीत एक अंधुक सावली दिसायची. पंख हलवणारे स्नायू जिला धरून असतात, अशी ती एक पातळ पडदी. "कळलं नाही तरी काढ" म्हटलं होतं म्हणून तिने ती प्रत्येक चित्रात इमाने काढली होती. आता एकत्र बघताना तिच्या लक्षात आलं, की काही माश्यांत ही पडदी छातीतच संपते, आणि काहींत ती कंबर ओलांडून थेट पोटात उतरते. अधलंमधलं काहीच नव्हतं. रंग काळा असो की पिवळा, पडदी एकतर आखूड किंवा लांब.

तिने चित्रांचे दोन ढीग केले. मग कोणती माशी कोणत्या किडीतून निघाली त्या नोंदी काढल्या. लांब पडदीच्या सगळ्या एका प्रकारच्या खवले किडीतून आलेल्या, आखूडवाल्या सगळ्या दुसऱ्या प्रकारच्या किडीतून. तिने परत एकदा सगळं तपासलं आणि मग हॅस्कलना हाक मारली.

ते चित्रांमधून हळूहळू चालत गेले. एका टोकापर्यंत जाऊन परत आले.

"छत्तीस वर्षं," ते म्हणाले, "मी या माश्यांच्या छातीवरून पलीकडे बघतोय. माझी समजूत ती स्लाइडमधली घाण आहे अशी होती."

गट दोन झाले, पण नावांचा प्रश्न राहिला. या शास्त्रात एखादं नाव पहिल्यांदा ज्या एका नमुन्याला दिलं जातं, तो नमुना म्हणजे त्या नावाचा अखेरचा पुरावा. तो ज्या गटात बसेल, ते नाव त्या गटाचं. हॅस्कल यांनी १९६१ साली या माश्यांवर एक मोठा प्रबंध लिहिला होता. जगभर लोक तोच उघडून माश्या ओळखत. त्यात ते धरून चालले होते की या माश्यांच्या जुन्या नावाचा मूळ नमुना आज ज्यांना आपण लांब पडदीच्या म्हणतो त्यांच्यातला. पण नमुना होता १९११ चा, अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका जुन्या संग्रहालयात, आणि ज्या डिंकात तो बसवला होता तो डिंक इतक्या वर्षांत काळ्या गुळासारखा झाला होता. आतली पडदी दिसायची तर स्लाइड सोडवून माशी बाहेर काढायला हवी आणि नव्याने बसवायला हवी. जगात तसा तो एकच. तुटला तर संपलं.

हॅस्कल यांनी संग्रहालयाला पत्र टाकलं. तिथल्या क्युरेटर मिस ऑल्डरिज फार काटेकोर बाई. त्यांचं उत्तर महिन्याने आलं: परवानगी आहे, परंतु काम प्रोफेसर हॅस्कल यांनी स्वतःच्या हाताने करावं. दुसऱ्या कुणावर सोपवू नये.

सुहासिनीने पत्र वाचलं. घडी करून ते त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"मी करते," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसा. कागदावर तुमचं नाव असू दे. कुणाला कळणार आहे?"

"तुला कळेल," हॅस्कल म्हणाले. "आणि उद्या कुणी तुला विचारलं, हे कुणी केलं, तर तू काय सांगणार?"

सुहासिनी आपल्या स्लाइडकडे वळली.

दोन दिवसांनी हॅस्कल यांनी मिस ऑल्डरिजना पाठवलेल्या पत्राची कार्बन कॉपी तिच्या टेबलावर ठेवली आणि ते वर्गावर निघून गेले. पत्र छोटंसं होतं. त्यांनी लिहिलं होतं: 'गेली सहा वर्षं माझा उजवा हात थरथरतो आणि आता डावाही थरथरू लागला आहे. हे मी आजवर कुणाला लेखी कळवलेलं नाही. मी हे काम केलं तर नमुना नष्ट होईल. श्रीमती गद्रे यांनी माझ्यासमोर तीनशे बारा स्लाइड नव्याने बांधल्या, एकही बिघडली नाही. त्यांच्या इतके चांगले हात मी माझ्या आयुष्यात पाहिलेले नाहीत, माझे स्वतःचे चांगले होते तेव्हाचे धरूनसुद्धा. काम त्या करतील आणि नोंदीवर त्यांचंच नाव राहील. आपल्याला हे मान्य नसेल तर नमुना पाठवू नये.'

सुहासिनीने ते दोनदा वाचलं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आली. सहा वर्षं लपवलेली गोष्ट त्या माणसाने चार ओळींत उघडी केली होती, आणि तीही एका बिनपगारी बाईसाठी, जिच्याकडे अजून डॉक्टरेटही नव्हती.

घरी गेल्यावर तिने श्रीरंगला पत्रातलं जमेल तितकं सांगितलं. तो चहाचा कप हातात धरून ऐकत राहिला.

"माणूस मोठा आहे गं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "पण आता तुझा हात थरथरला तर?"

"नको ना रे असं बोलूस," ती म्हणाली, आणि दोघं हसले. पण तिच्या मनातही तेच होतं.

त्या पत्राची किंमत हॅस्कल यांना लगेच मोजावी लागली. मिस ऑल्डरिजनी विभागप्रमुखांना फोन करून चौकशी केली, आणि जी गोष्ट तळमजल्याच्या खोलीबाहेर गेली नव्हती ती अख्ख्या विभागात पोचली. पुढच्या सत्रापासून विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिकाचे तास त्यांच्याकडून काढून घेतले. त्याविषयी ते एवढंच म्हणाले, "चला, शुक्रवार मोकळा झाला."

नमुना आला तो ऑक्टोबरात, कापसात गुंडाळलेल्या लाकडी डबीत. सोबत मिस ऑल्डरिज यांची चार शब्दांची चिठ्ठी होती: 'मिसेस गद्रे, सांभाळून करा.'

स्लाइड तीन दिवस काचेच्या बशीत झायलीन नावाच्या द्रवात बुडवून ठेवली, डिंक नरम व्हायला. शनिवारी सकाळी दहा वाजता, खिडकीतून चांगला उजेड येत असताना, सुहासिनी कामाला बसली. हॅस्कल तिच्या डाव्या हाताला खुर्ची घेऊन बसले, दोन्ही हात मांडीवर, उघडे. वरची पातळ काच तिने कडेने सुईने सोडवली आणि ती अलगद सरकली. खाली चहाच्या रंगाच्या डिंकात ती माशी होती, बहात्तर वर्षांपूर्वी कुणीतरी पसरून ठेवलेली. सुहासिनीकडे एक काडी होती, टोकाला स्वतःच्याच पापणीचा केस चिकटवलेली. त्या केसाने ती माशीभोवतीचा डिंक कणाकणाने बाजूला सारू लागली. श्वास सावकाश सोडत होती.

अर्ध्या तासाने माशी मोकळी झाली, आणि उचलताना तिची डावी मिशी तुटून द्रवात तरंगत निघून गेली.

"मिशी गेली," सुहासिनी म्हणाली.

"गेली कुठे? बशीतच आहे," हॅस्कल म्हणाले. "आधी माशी तेलात ठेव. मग शोधू. आपल्याला कुठे जायचंय?"

तिने माशी लवंगेच्या तेलाच्या थेंबात ठेवली. खोलीभर दातदुखीच्या औषधाचा वास पसरला. मग तिने बशीचा तळ कडेपासून आत, एकेक घास घ्यावा तसा बघायला सुरुवात केली. एक तास गेला. हॅस्कल काहीही बोलले नाहीत, घड्याळाकडे त्यांनी बघितलं नाही, एकदासुद्धा नाही. ते शेजारी नुसते बसून राहिले म्हणूनच आपण उठून पळालो नाही, असं ती पुढे श्रीरंगला सांगायची. अखेर डिंकाच्या एका खड्याखाली सात गाठींची ती मिशी सापडली, अख्खीच्या अख्खी.

दुपारी एक वाजता माशी आणि तिची मिशी, दोन्ही नव्या स्वच्छ डिंकात, नव्या काचेखाली होती. सुहासिनीने मायक्रोस्कोप लावला. बघितलं. पुन्हा बघितलं.

ती उठली आणि तिने त्यांना जागा करून दिली. हॅस्कल बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते.

"आखूड आहे," ते म्हणाले.

"हो."

"स्वच्छ आखूड आहे."

म्हणजे नाव दुसऱ्याच गटाचं होतं. म्हणजे १९६१ चा तो प्रबंध, जगभर ज्याच्यावर विसंबून माश्या ओळखल्या जात होत्या, तो पायापासून उलटा होता. त्यांनी उभी केलेली इमारत तिने त्यांच्याच खुर्चीशेजारी बसून खाली आणली होती.

"मला माफ करा," ती म्हणाली.

हॅस्कल यांनी वर बघितलं, आणि ते हसायला लागले, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माफ? अगं, मी मेल्यावर कुणीतरी हे शोधून काढलं असतं आणि मी चुकीचाच मेलो असतो. आता मला दुरुस्त व्हायला वेळ आहे." ते उठले, फळीवरून आपला प्रबंध काढला, चौदावं पान उघडलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "माझं अक्षर आता कुणाला वाचता येत नाही. तू लिही. 'चूक.' आणि पुढे, 'पाहा: गद्रे.'"

"पाहा काय? अजून काही छापलेलंच नाही."

"मग छापायला लाग," ते म्हणाले.

छापून यायला अडीच वर्षं लागली. चौदाशे स्लाइड नव्याने लावाव्या लागल्या. नऊ जातींच्या ठिकाणी सतरा निघाल्या. लेख १९८६ च्या वसंतात आला. त्यावर दोन नावं होती, गद्रे आणि हॅस्कल, याच क्रमाने. क्रमावरून दोघांचं भांडण झालं होतं आणि ती हरली होती. तोवर हॅस्कल निवृत्त झाले होते. विभागाने सुहासिनीला पीएच.डी.ला घेतलं होतं, शिष्यवृत्तीसकट. शिफारसपत्रं दोन होती. दुसरं, न मागता आलेलं, मिस ऑल्डरिज यांचं होतं.

लेखाच्या शेवटी आभार मानायची जागा असते. तिथे सुहासिनीने मिस ऑल्डरिजचे आभार मानले, श्रीरंगचे मानले, कॅलिफोर्नियातून किडी पाठवणाऱ्या बागायतदारांचेही मानले. हॅस्कल यांचे मात्र मानता येईनात. ते स्वतःच लेखक, आणि लेखकाने स्वतःचे आभार मानायचे नसतात. तिने लिहिलेली तेवढी ओळ संपादकांनी काढून टाकली.

म्हणून छापील प्रती आल्या त्या शनिवारी ती त्यांच्या घरी गेली. हॅस्कल आणि त्यांची बायको डोरोथी पोर्चवर बसले होते. डोरोथीने लेख हातात घेतला, चित्रं बघितली, "किती सुंदर" म्हणाली आणि लिंबाचं सरबत आणायला आत गेली.

सुहासिनीने वाटेत गाडी चालवताना इंग्रजीत दोन वाक्यं तयार केली होती. ती आता आठवेनात. घरच्या माणसांना धन्यवाद म्हणायची तिला सवय नव्हती. तसं म्हटलं की परक्यासारखं वाटतं, आणि परक्यांना रोज उठता-बसता म्हणतो ते 'थँक यू' इथे फारच लहान पडत होतं.

"ते पत्र," ती म्हणाली. "मिस ऑल्डरिजना लिहिलेलं. मी त्याबद्दल तुम्हाला कधी काही बोलले नाही."

"नाही बोललीस."

"तुम्ही ते लिहिलं नसतं तर मी आजही कपड्यांच्या घड्याच घालत असते. चांगल्या घातल्या असत्या. पण मला माहीत आहे मी काय झाले असते, आणि काय झाले. एवढंच सांगायचं होतं. मला नीट सांगता येत नाहीये."

हॅस्कल तिच्याकडे वळले.

"सहा वर्षं मी घाबरून जगलो, सुहा," ते म्हणाले. "कुणाशी हात मिळवायचा झाला तरी घाम फुटायचा. डोरोथीलाही सांगितलं नव्हतं, ती बघत होती तरी. ते पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन तिला सांगितलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून रडलो, मग हॅमबर्गर खायला गेलो. तू नसतीस तर ते पत्र लिहायला मला निमित्तच मिळालं नसतं. तेव्हा आभार कुणी कुणाचे मानायचे, ते तू मला सांग."

डोरोथी सरबताचे तीन ग्लास घेऊन आली. तिघांनी ते सावकाश प्यायलं. मग हॅस्कल यांनी विचारलं, की लांब पडदीच्या गटात टेक्सासमधले नर अजून सापडलेले नाहीत, त्यांचं काय करायचं ठरवलंस? सुहासिनीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. पर्समधून वही काढली आणि जूनमध्ये तिकडे कोणत्या बागांत जायचं त्याची यादी ती त्यांना वाचून दाखवू लागली. ते मधेमधे थांबवून एखादं गाव सुचवत होते, आणि ती ते लिहून घेत होती.